पोहण्याची टोपी खरेच वेग वाढवते का?

वाचकांचे प्रश्न : जलतरण

उन्हाळी बॅच सुरू झाल्या की टोपीबद्दलची पत्रे वाढतात. त्यातले बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या अंकात फक्त टोपीचेच घेतले आहेत. उत्तरे जलतरण प्रशिक्षक आणि तलावाची देखभाल पाहणारे जाणकार यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : दादरच्या महात्मा गांधी स्मारक तलावावर मी रोज सकाळी पोहतो. १०० मीटर फ्रीस्टाइलला १ मिनिट ४० सेकंद लागतात. टोपी साधी कापडी, लायक्राची आहे. सिलिकॉनची घेतली तर चार-पाच सेकंद सहज कमी होतील, असे लेनमधले सोबती सांगतात. खरे आहे का?
— एक वाचक, माहीम

उत्तर : फरक पडतो, पण चार-पाच सेकंदांचा नाही. तुमच्या वेगाला तो एका सेकंदाच्या आतबाहेर, बहुधा आतच राहील.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. पोहणाऱ्याला हे पाणी तीन प्रकारे अडवते. समोरचे पाणी बाजूला सारावे लागते आणि शरीरामागे भोवरे तयार होतात, हा पहिला. पाणी अंगाला घासत जाते, हा दुसरा. पृष्ठभागावर लाट उठते आणि ती उठवण्यात ताकद खर्च होते, हा तिसरा. टोपीचा संबंध मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांशी येतो, तोही फक्त डोक्यापुरता. छाती, पोट, मांड्या, पावले यांच्यावरचा अडसर टोपीने तसूभरही कमी होत नाही.

आता हिशेब करू. वेग दुप्पट झाला की पाण्याचा अडसर साधारण चौपट होतो आणि तो वेग टिकवायला आठपट ताकद लागते. म्हणून एकूण अडसर १ टक्क्याने कमी झाला तर तेवढ्याच ताकदीत वेग वाढतो तो जेमतेम एक तृतीयांश टक्का. तुमच्या १०० सेकंदांत ही बचत सुमारे ०.३ सेकंदाची झाली. टोपीने अडसर ३ टक्के कमी केला असे उदारपणे धरले तरी एक सेकंद. चार सेकंद कमी करायचे तर एकूण अडसर सुमारे १२ टक्क्यांनी घटायला हवा, आणि ते एकट्या टोपीचे काम नाही. सबंध अंग झाकणाऱ्या पोशाखाची गोष्ट वेगळी. पॉलियुरेथेनचे पोशाख घालून २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले आणि १ जानेवारी २०१० पासून असे पोशाख बंद करून फक्त कापडी पोशाखांना परवानगी राहिली. त्या पोशाखांनी खांद्यापासून घोट्यापर्यंतचा पृष्ठभाग बदलला होता, शरीर आवळून त्याचा आकारही बदलला होता. टोपीच्या वाट्याला येते ते फक्त डोके.

तरीही टोपीटोपीत फरक असतो. हात पुढे ताणलेल्या जलतरणपटूंना पाण्याखालून सेकंदाला दीड ते दोन मीटरच्या आसपासच्या वेगाने ओढून लायक्राची, साधी सिलिकॉनची आणि डोक्याच्या आकारात घडवलेली जाड सिलिकॉनची अशा तीन टोप्या तपासल्या गेल्या आहेत. शेवटची टोपी सरस ठरली, कारण तिला सुरकुती पडत नाही. साधी सिलिकॉनची टोपी सपाट साच्यातून निघते. गोल डोक्यावर ती ताणली की मागच्या बाजूला चुण्या पडतात, पाणी त्या चुण्यांवरून सुटते आणि तिथेच बारीक भोवरे उठतात. लायक्राचे विणकाम खरखरीत असते. त्यातून पाणी आत शिरते आणि मागे फुग्यासारखी पिशवी होते.

मात्र हे मोजमाप ओढल्या जाणाऱ्या स्थिर शरीराचे आहे. प्रत्यक्ष पोहताना अंग डावी-उजवीकडे वळते, श्वासासाठी मान फिरते, डोक्यापुढून हात जातात. त्यामुळे टोपीचा फायदा मुख्यतः सूर मारल्यानंतरच्या आणि भिंत ढकलल्यानंतरच्या सरकण्यात मिळतो, कारण तिथे वेग सर्वांत जास्त असतो आणि शरीर सरळ असते. ५० मीटरच्या तलावात १०० मीटर पोहताना वळण एकच येते. २५ मीटरच्या तलावात तीन येतात.

तुमचे चार सेकंद दुसरीकडे आहेत. पोहताना नजर समोरच्या भिंतीकडे असेल तर डोके वर राहते, कंबर आणि पाय खाली जातात आणि शरीर तिरके होऊन पाणी ढकलत राहते. नजर सरळ तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवा, मान सैल सोडा. श्वास घेताना गॉगलची एक काच पाण्यातच राहायला हवी. दोन्ही काचा बाहेर येत असतील तर तुम्ही डोके उचलता आहात. श्वास पाण्यात असतानाच नाकातोंडातून सोडा, म्हणजे वर आल्यावर फक्त आत घ्यायचा राहतो. भिंत ढकलताना एक तळहात दुसऱ्यावर, दंड कानांच्या मागे, बोटांच्या टोकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एक रेघ. ५० मीटरला किती हात पडतात ते मोजा. वेळ तीच राहून हात कमी झाले तर अडसर खरोखर कमी झाला असे समजा. दोन महिन्यांत ५० मीटरमागे चार हात कमी झाले तर ते कोणत्याही टोपीपेक्षा जास्त देऊन जातील.

सिलिकॉनची टोपी जरूर घ्या, साधी दोन-तीनशे रुपयांपासून मिळते. फक्त तिच्याकडून सेकंदांची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : दोन टोप्यांतला फरक स्वतः मोजून पाहता येईल का? स्टॉपवॉच लावून ५० मीटर पोहून पाहिले, पण दर वेळी आकडा वेगळाच येतो.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : येईल, पण ५० मीटर पोहून नाही. हौशी पोहणाऱ्याची वेळ एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत सेकंद-दीड सेकंद सहज इकडेतिकडे होते. त्यात टोपीचे दोन-तीन दशांश बुडून जातात. शिवाय हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचमध्येच एक-दोन दशांशांची चूक असते. म्हणून हात-पाय न मारता नुसते सरकण्याची चाचणी घ्या.

पूर्ण श्वास भरा. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत जेवढी लांबी, साधारण तेवढ्या खोलीवर पाण्याखाली जाऊन दोन्ही पायांनी भिंत ढकला आणि हात ताणून थांबेपर्यंत सरका. किक मारायची नाही. मैत्रिणीने काठावर चालत, तुमच्या बोटांची टोके जिथे थांबली तिथली लादी पाहून अंतर नोंदवायचे. काठावरच्या लाद्या सारख्या मापाच्या असतात. एक लादी टेपने मोजून घेतली की पुढे नुसती गणती पुरते. श्वास दर वेळी सारखाच भरा, कारण फुप्फुसात हवा कमी असेल तर पाय लवकर बुडतात आणि अंतर घटते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सहा वेळा लायक्रा आणि मग सहा वेळा सिलिकॉन असे केलेत तर दुसऱ्या टोपीच्या वाट्याला दमलेले पाय येतील. लायक्रा, सिलिकॉन, सिलिकॉन, लायक्रा अशी चौकडी घ्या. अशा तीन चौकड्या, म्हणजे एकूण बारा वेळा सरकायचे आणि प्रत्येक वेळेनंतर मिनिटभर विश्रांती. ज्या वेळी पाय घसरला किंवा शरीर वाकडे गेले ती नोंद बाद करा. पण बाद करायची की नाही हे अंतर कळण्याआधी ठरवा, नाहीतर मनाला हवा तोच निकाल निघतो. शेवटी दोन्ही टोप्यांचे सहा-सहा आकडे शेजारी मांडा. एका टोपीचे बहुतेक आकडे दुसरीच्या सगळ्यांपेक्षा मोठे असतील तर फरक खरा. आकडे एकमेकांत मिसळले असतील तर तुमच्या शरीराला आणि केसांना तो फरक नाही, असे माना.

मोबाइलवर सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चित्रण केले तर आणखी बारकाईने मोजता येते. बॅकस्ट्रोकसाठी लावलेली झेंड्यांची दोरी भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर असते. पाय भिंतीवरून सुटल्यापासून डोके दोरीखाली येईपर्यंत किती चित्रे गेली ते मोजायचे. बऱ्याच तलावांवर चित्रणाला मनाई असते आणि ती योग्यच आहे. व्यवस्थापकाची परवानगी घ्या आणि लेनमध्ये दुसरे कोणी नसताना करा.

बिनटोपीची तुलना करायचा मोह होईल. टोपी सक्तीची असलेल्या तलावावर तो आवरा. मोकळे सोडलेले खांद्यापर्यंतचे केस आणि टोपी यांतला फरक असाही उघड असतो. केस पाण्यात पसरून फडफडतात, वळताना तोंडावर येतात आणि श्वास चुकवतात. बॉयकट असेल तर टोपी आणि बिनटोपी यांतला फरक या चाचणीत दिसण्याइतका मोठा नसतो.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिची जिल्हा स्पर्धा आहे. इतर पालक स्पर्धेसाठी महागडी घुमटाकार टोपी घेत आहेत आणि काही मुले दोन-दोन टोप्या घालतात. आम्हीही घ्यावी का? मागच्या स्पर्धेत सूर मारताना तिचा गॉगल निघाला होता.
— एक पालक, मुलुंड

उत्तर : घुमटाकार टोपी, म्हणजे वर सांगितलेली डोक्याच्या आकारात घडवलेली जाड सिलिकॉनची, या वयात घेऊ नका. तिचा फायदा अगदी थोड्या फरकाने निकाल लागतो तिथे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सुवर्ण ५९.०३ सेकंदांना गेले आणि रौप्य ५९.०५ ला दोघांत विभागले गेले. अशा ठिकाणी शंभरावा भागही मोलाचा. ११ वर्षांच्या मुलीची वेळ एका चांगल्या सुराने किंवा नीट वळणाने सेकंदभर सुधारते. शिवाय या टोप्या जाड आणि ताठ असतात, मोठ्यांच्या डोक्याच्या मापात येतात. लहान डोक्यावर सैल बसल्या तर पहिल्याच सुराला त्यांत पाणी भरते.

दोन टोप्या घालण्याचे कारण मात्र तुमच्या कामाचे आहे, कारण त्या मुख्यतः गॉगलसाठीच घालतात. आत पातळ लॅटेक्सची टोपी, तिच्यावर गॉगलचा पट्टा, त्यावर सिलिकॉनची टोपी. लॅटेक्स केसांना धरून ठेवते, पट्टा दोन रबरी थरांत पकडला जातो आणि बाहेरची टोपी पट्ट्याचा उंचवटा झाकते. गॉगलचा दगाफटका कोणालाही होतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत मायकल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरले आणि त्याला पुढचे नीट दिसेना. तरी त्याने १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून ती शर्यत जिंकली. आपले हात मोजत भिंतीचा अंदाज घेता आला म्हणून हे जमले. मुलीलाही एका फेरीला आपले किती हात पडतात हे पाठ असू द्या.

दोन टोप्या तिला घट्ट वाटत असतील तर एकच टोपी आणि पट्टा तिच्या आत, एवढेही पुरते. सरावात उलट करा. पट्टा टोपीवर ठेवला तर गॉगल पटकन काढता-घालता येतो. गॉगल निघतो तो बहुतेक वेळा पट्ट्याच्या सैलपणामुळे नाही, तर सूर मारताना मान वर राहिल्यामुळे. पाणी कपाळाऐवजी सरळ काचेवर आदळते. हनुवटी छातीकडे ओढलेली आणि दंड कानांमागे असतील तर तोच गॉगल जागेवर राहतो. स्पर्धेआधी किमान दोन आठवडे, स्पर्धेला वापरणार तीच टोपी आणि तोच गॉगल घालून रोज दहा-बारा सूर मारायला लावा. नवी टोपी स्पर्धेच्या सकाळी पाकिटातून काढू नका.

शर्यतीत टोपी निघून पडलीच तर थांबायचे नाही, पोहत राहायचे. टोपी पडली म्हणून कोणी बाद होत नाही. हे मुलीला आधीच सांगून ठेवा, कारण लहान मुले टोपी पकडायला थांबतात आणि शर्यत तिथेच हातची जाते.

प्रश्न : माझे केस कमरेपर्यंत आणि दाट आहेत. कोणतीही टोपी घाला, दोन फेऱ्यांत मागे सरकते आणि वर टेंगूळ दिसते. केस कापायचे नाहीत. काय करू?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : केस कापण्याची गरज नाही. टोपी सरकते याची तीन कारणे असतात. अंबाडा चुकीच्या जागी असतो, केसांना तेल किंवा कंडिशनर असतो, किंवा टोपी लहान असते.

डोक्याच्या माथ्यावर बांधलेला अंबाडा टोपीला वर ढकलतो आणि कडा कपाळावरून मागे ओढली जाते. मानेजवळ फार खाली बांधला तर मान मागे घेताना तो टोपीची मागची कड उचलतो आणि तिथून पाणी शिरते. म्हणून मधली जागा निवडा, डोक्याचा मागचा फुगीर भाग असतो त्याच्या जरा खाली. एका जाड अंबाड्याऐवजी दोन वेण्या घाला आणि त्या एकमेकींवर न चढवता चपट्या गोल फिरवून बसवा. कापडी रबर वापरा. चाप, आकडे आणि धातूची पट्टी असलेले रबर नको. लॅटेक्स त्याने लगेच फाटते आणि सिलिकॉनलाही बारीक चीर जाते.

टोपी घालताना अंगठ्या काढा. दोन्ही हात टोपीत घालून तळवे समोरासमोर ठेवा आणि बोटांच्या टोकांनी नव्हे, तर हाताच्या पाठीने टोपी ताणा. नखे लागली की टोपी गेली. साच्याची रेघ कपाळापासून मानेकडे जाईल अशी धरा, म्हणजे छापलेले नाव बाजूला येते. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे टेकवा. मैत्रिणीला ती कड कपाळावर दाबून धरायला सांगा आणि तुम्ही मागची बाजू अंबाड्यावरून खाली ओढा. मग कडेखालून सुटलेल्या बटा आत सारा. माथ्यावरून मागे हात फिरवत आतली हवा मानेकडून बाहेर काढा, कारण वर दिसणारे टेंगूळ बऱ्याचदा केसांचे नसते, अडकलेल्या हवेचे असते. राहिलेल्या सुरकुत्याही याच दिशेने मागे न्या. कान आत घेतले तर कड जागेवर थांबते. कानांच्या मागे ठेवलेली कड सरकतेच.

एवढे करूनही सरकली तर टोपी लहान आहे. लांब केसांसाठी मागे जास्त जागा असलेल्या सिलिकॉनच्या टोप्या वेगळ्या मिळतात. धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत ‘लाँग हेअर’ म्हणून मागा आणि अंबाडा बांधूनच घालून पाहा. यापेक्षाही मोठ्या, फुलारलेल्या दाट केसांसाठीच्या टोप्यांना आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकआधी, परवानगी नाकारली होती. त्यावर मोठी टीका झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. हा निर्णय आधीच व्हायला हवा होता. केसांच्या प्रकारामुळे कोणाला पाण्याबाहेर राहावे लागू नये.

प्रश्न : मला पूर्ण टक्कल आहे. तरी तलावावर टोपी सक्तीची का?
— निवृत्त बँक कर्मचारी, चेंबूर

उत्तर : वेगासाठी तुम्हाला तिची गरज नाही. गुळगुळीत डोके पाण्याला पुरेसे निसरडे असते. सक्ती आहे ती गाळण यंत्रणेसाठी. तलावाचे पाणी पंपात जाण्याआधी केस-कचरा पकडणाऱ्या जाळीच्या टोपलीतून जाते. तिथे केसांचा गुंता साचला की पंपाला पाणी कमी मिळते, अभिसरण मंदावते आणि पाणी गढूळ दिसू लागते. नियम सर्वांना एकच ठेवला तर काठावरच्या माणसाला प्रत्येकाचे डोके पाहून वाद घालावा लागत नाही. दुसरा उपयोग तुमचाच आहे. उघड्या तलावात सकाळी नऊनंतर टाळू भाजते. सिलिकॉन गरम होते, म्हणून तुमच्यासाठी हलकी लायक्राची टोपी उत्तम.

प्रश्न : टोपी घालूनही केस क्लोरिनने राठ होतात. आई म्हणते, आधी खोबरेल तेल चोपडून जा. चालेल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कांदिवली

उत्तर : आईचे म्हणणे केसांच्या बाजूने बरोबर आहे. खोबरेल तेल केसांत मुरते आणि पाणी कमी शोषले जाते. पण तलावाच्या आणि टोपीच्या बाजूने ते अडचणीचे आहे. तेल लागलेल्या केसांवर टोपी टिकत नाही, लॅटेक्स तेलाने फुगून चिकट होते, आणि पाण्यात गेलेले तेल वाळूच्या गाळणीत बसते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन जे क्लोरामाइन तयार होते, त्यानेच डोळे चुरचुरतात आणि तलावाचा तो उग्र वास येतो. वास जास्त म्हणजे क्लोरिन जास्त, असा समज आहे. प्रत्यक्षात वास येतो तेव्हा पाण्यात मळ जास्त असतो.

टोपी पाणी थोपवत नाही, हे आधी लक्षात घ्या. कितीही घट्ट असली तरी कडेने पाणी आत जाते. तिचा फायदा एवढाच की आतले पाणी कमी बदलते आणि केस एकमेकांवर घासत नाहीत. पाण्यात उतरण्याआधी शॉवरखाली केस साध्या पाण्याने चिंब भिजवा. भिजलेला केस तलावाचे पाणी कमी शोषतो. मग पाणी पिळून टोपी घाला. बाहेर आल्यावर टोपी काढून लगेच पुन्हा साध्या पाण्याने धुवा, घरी जाईपर्यंत थांबू नका. शाम्पू रोज नको, एक दिवसाआड पुरे. तेल लावायचे ते पोहून, केस धुऊन झाल्यावर रात्री लावा.

प्रश्न : टोपी कानांवरून ओढली तर मुलाच्या कानात पाणी जाणार नाही ना?
— एक पालक, दहिसर

उत्तर : जाईल. टोपी फक्त पाण्याचा मारा कमी करते. कानात पाणी जायला नको असेल तर सिलिकॉनचे मऊ बोळे लावून त्यावर टोपी घाला. पोहून झाल्यावर मान तिरकी करून पाणी निथळू द्या आणि बाहेरचा कान टॉवेलने टिपा. कापसाची काडी आत घालू नका. पावसाळ्यात दमट हवेने कानात बुरशी लवकर धरते. खाज, घट्टपणा किंवा स्राव दिसला तर पोहणे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोळे लावूनही उतरवू नका.

प्रश्न : या हिवाळ्यात मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेत भाग घ्यायचा आहे. पुढे एलिफंटा ते गेटवे पोहण्याचा विचार आहे. समुद्रासाठी टोपी वेगळी लागते का? थंडीसाठी निओप्रीनची घ्यावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : समुद्रात टोपीचे पहिले काम तुम्ही दिसावे हे आहे. लाटांमध्ये बोटीवरच्या माणसाला पोहणाऱ्याचे फक्त डोके दिसते, तेही अधूनमधून. काळे केस, काळी टोपी आणि निळी टोपी पाण्यात हरवतात, पांढरी फेसात हरवते. झगझगीत नारिंगी, पोपटी-पिवळी किंवा भडक गुलाबी घ्या. स्पर्धेत संयोजक टोपी देतात तीच घालायची असते. ती पातळ असेल तर आत आपली दुसरी घाला. सराव एकट्याने करू नका. कमरेला बांधायचा रंगीत फुगा आणि सोबत बोट हवीच.

निओप्रीन, म्हणजे ऊब धरणारे जाड फेसाळ रबर, नको. मुंबईजवळच्या समुद्राचे पाणी ऐन थंडीतही साधारण २५ अंशांच्या आसपास असते. निओप्रीनच्या टोपीत डोके तापेल आणि लांब अंतरात ते धोक्याचे आहे. इंग्लिश खाडीच्या परंपरागत नियमांत तर निओप्रीनची टोपी चालतच नाही. तिथे साधा पोशाख, एक टोपी, गॉगल आणि अंगाला चोपडायचे ग्रीस एवढ्यावरच पोहायचे असते. आपल्याकडच्या पाण्यासाठी एक सिलिकॉनची टोपी पुरे. खाऱ्या पाण्यात कपाळावर कड घासून वळ उठतो. लांब अंतराला कडेखाली बोटभर पेट्रोलियम जेली लावतात. ती सिलिकॉनच्या टोपीखालीच लावा, लॅटेक्सखाली नाही, आणि बोटे पुसल्याशिवाय गॉगलला हात लावू नका. काचेला जेली लागली तर ती पाण्यात पुसता येत नाही.

एलिफंटा ते गेटवे हे अंतर सुमारे १४ किलोमीटर आहे आणि तिथे वेळ ठरते ती भरती-ओहोटीवर. टोपीच्या निवडीवर जितका विचार कराल, त्याच्या दसपट वेळ भरतीचे कोष्टक वाचण्यात घालवा.

प्रश्न : लॅटेक्सची टोपी तीन महिन्यांत चिकट होऊन फाटते. तलावावरून थेट ऑफिसला जातो, ओली टोपी पिशवीतच राहते. टिकण्यासाठी काय करावे? ती घातल्यावर कपाळाला खाजही येते.
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : आधी खाजेबद्दल. कडेच्या रेषेवर लाली, पुरळ किंवा गांधी उठत असतील तर ती लॅटेक्सची अॅलर्जी असू शकते. आजच सिलिकॉनवर या, लॅटेक्स ‘सवयीने सहन होईल’ म्हणून घालत राहू नका, कारण अशी अॅलर्जी दर वेळच्या संपर्काने वाढू शकते. ओठ सुजणे किंवा श्वासाला त्रास होणे असे काही झाले तर ताबडतोब दवाखान्यात जा. डॉक्टरांना आणि दंतवैद्यालाही लॅटेक्सबद्दल सांगून ठेवा, त्यांचे हातमोजे त्याचेच असू शकतात.

सिलिकॉन टिकतेही जास्त. नीट जपली तर रोजच्या वापरात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. टोपी बिघडवतात त्या तीन गोष्टी म्हणजे क्लोरिन, ऊन आणि ओल. तलावावरच नळाखाली आतून-बाहेरून धुवा, उलटी करून झटका, टॉवेलने टिपा. पिशवीत घालताना प्लास्टिकच्या बंद पुडीऐवजी जाळीच्या थैलीत ठेवा आणि ऑफिसला पोहोचल्यावर थैली खुर्चीच्या पाठीला अडकवा, दिवसभरात वाळते. उन्हात वाळवू नका, गाडीत ठेवू नका. गॉगलची कड आणि किल्ल्या टोपीला टोचतात, म्हणून गॉगल वेगळ्या डबीत. पावसाळ्यात लायक्राच्या टोपीवर काळे ठिपके उठले तर ती बुरशी आहे, टोपी टाकून द्या. लॅटेक्स वापरणाऱ्या घरच्या कोणाची टोपी काही दिवस न वापरता ठेवायची असेल तर पूर्ण वाळवून आत चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरावी, म्हणजे थर एकमेकांना चिकटत नाहीत.

कडेला नखाएवढी चीर दिसली की ती टोपी सरावातूनही काढा. ताणल्यावर ती चीर थेट माथ्यापर्यंत जाते, आणि हे बहुतेक वेळा सूर मारतानाच होते.